नंबर कुणाचा होता

गुदैबिया, बहारीन, शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९९६

चि. श्रावस्तीस पप्पाचा जयभीम, आणि पाठीवर एक थाप.

तुम्ही दोघी पुण्याला जाऊन आज पंधरा दिवस झाले. हे पत्र आई तुला वाचून दाखवेल. तुला मराठी वाचायला दिलं की तू प्रत्येक स्टॉपवर थांबणाऱ्या बससारखी एकेका अक्षरापाशी थांबतेस, आणि सध्या डोळ्याला ताण नको असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा सरिता, तू वाच, आणि मधलं काही गाळू नकोस.

थेंब दिवसातून चार वेळा. डाव्या कुशीवर झोपायचं नाही. आत्याच्या घरात पोरंटोरं फार, कुणाचं कोपर लागेल, सांभाळून राहा. आई फोनवर म्हणाली की डाव्या डोळ्याला अजून फक्त उजेड आणि अंधार कळतो. कळतोय ना पण? मग बाकीचंही येईल हळूहळू. पुण्याचे डॉक्टर इथल्यांपेक्षा हुशार आहेत, म्हणून तर पाठवलं तुम्हाला.

इकडे रमजान चालू आहे. दिवसा बाहेर चहा मफी, कुठेच मिळत नाही, सगळं कसं सुस्त. सित्र्याच्या वस्तीत परवा पुन्हा गडबड, कुणीतरी रस्त्यावर टायर जाळले होते, कंपनीची बस लांबच्या रस्त्याने नेली, शिफ्टला तासभर उशीर झाला. खालच्या मजल्यावरच्या महमुदाभाभी रोज इफ्तारचं काहीतरी वर पाठवतात आणि तुझी चौकशी करतात. एकट्या माणसासाठी ताट घासायचा कंटाळा येतो, म्हणून मी ते त्यांच्या भगोल्यातूनच खातो. आई आता नाक मुरडेल.

एक चांगली बातमी. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. दत्तप्रसाद साहेबांनी सोमवारी सही केली, आणखी दोन वर्षं. साहेब तुझ्याबद्दल आवर्जून विचारत होते. अख्खा मेंटेनन्स विभाग त्यांच्या हाताखाली, पण हॉकीच्या मैदानावर आले की नुसते तुझ्या टीममधल्या तेजस्वीचे वडील असतात, साहेबपणा नाही.

आणि दुसरी बातमी त्याहून चांगली. क्लबच्या वार्षिक दिवसाला, एकोणीस एप्रिलला, तुझा सत्कार करायचं ठरलंय. मी सगळ्यांना सांगतो ना, गोऱ्यांच्या शाळेच्या त्या दांडग्या पोरी, त्यांच्या त्या शेंडीवालीचा हिट म्हणजे तोफ, आणि आमची श्रावू आपणहून म्हणाली, पेनल्टी कॉर्नरला मीच पहिली निघते. तुझा एक फोटो पाठव. जुना चालेल. म्हणजे जुनाच पाठव.

एक तारीख लक्षात ठेवा. सहा महिने बहारीनच्या बाहेर राहिलात की रेसिडन्स आपोआप रद्द होतो. एक ऑगस्टच्या आत इथे पाय लागला पाहिजे. जूनमध्ये मी तिकिटं काढतो. शाळेने बारावीत बसवून घ्यायचं कबूल केलंय.

फोनवर एकदा तरी ये गं. तुझं ते ‘हाय पप्पा’ पुरेसं आहे.

— पप्पा

गुदैबिया, शुक्रवार, २२ मार्च १९९६

श्रावू,

तीन शुक्रवार झाले, मी बूथवरून फोन करतोय. पहिल्या वेळी आत्या म्हणाली झोपलीय. दुसऱ्या वेळी म्हणाली गच्चीवर गेलीय. आज म्हणाली आंघोळीला गेलीय. संध्याकाळी सहा वाजता कसली आंघोळ? मी आत्यावर ओरडलो. तिची काय चूक बिचारीची, ती तू सांगशील तेच बोलणार. तिला माझ्या वतीने सॉरी सांग. माझा भडका कसा असतो ते तुला माहीत आहे, भाकरीच्या तव्यासारखा, तापायला वेळ नाही.

आई म्हणते, बोलेल हळूहळू, पोरीच्या जातीला आरशात बघवत नाही. तसंच असेल.

तुला मी माझ्या खेळाचं कधी नीट सांगितलंच नाही. तुला माझे पुढचे दोन खोटे दात तेवढे माहीत. एकाहत्तर साली खडकीच्या फॅक्टरीने मला हॉकीसाठी नोकरीत घेतलं. मस्टरवर फिटर, पण सकाळी सही करायची, स्टिक उचलायची आणि मैदान गाठायचं. तेच काम, त्याचाच पगार. अकरा वर्षं त्यांचा लेफ्ट फुलबॅक होतो. दोनदा राज्याकडून खेळलो. आणि अकराही वर्षं पेनल्टी कॉर्नरला पहिला रशर मीच.

सरिता, तू वाचतेयस म्हणून तुला समजेल असं सांगतो. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपले चार जण गोलकीपरच्या दोन्ही अंगांना गोलच्या रेषेवर उभे राहतात. तिकडून चेंडू आत ढकलला की रेषा सोडून पळायचं. पहिला रशर सरळ मारणाऱ्याच्या अंगावर जातो. त्याने हिट मारायच्या आत पोचला तर पोचला, नाहीतर चेंडू नडगीवर, छातीवर, येईल तिथे घ्यायचा. तोंडावर काही नसतं.

आमचा कॅप्टन दर वेळी म्हणायचा, “शाम्या, तू निघ. तुमच्या लोकांची छाती भारी.” मला काय अभिमान वाटायचा सांगू! तुझे आजोबा फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. ते एकदाच माझी मॅच बघायला आले. परत जाताना सायकल ढकलत म्हणाले, “रोज तूच का रे पहिला? बाकीच्यांना छाती नाही का?” मी त्यांच्यावर इतका उखडलो की दोन दिवस घरात बोललो नाही. त्यांना खेळातलं काय कळतंय, असं म्हणत फिरलो.

गुडघा गेल्यावर फॅक्टरीने मला लेथवर उभं केलं. संध्याकाळी पोरांना शिकवायला लागलो, तेव्हा पहिला नियम हा केला की रशरचा नंबर लावायचा. साहेबाचा असो नाहीतर हमालाचा. एका मॅचला एक जण, पुढच्या मॅचला पुढचा. इथे तुमच्या टीमला शिकवायला घेतलं तेव्हाही तेच. तुम्हा चौघींची नावं पुठ्ठ्यावर लिहून मी किटबॅगेत ठेवली. सहा वर्षांत हा नंबर मी कधी मोडला नाही. एखादा अपवाद सोडला तर.

असो. परवा तेजस्वी आणि तिची आई शुभदाबाई घरी येऊन गेल्या. तेजस्वी सोफ्याच्या टोकाला बसली आणि रडायलाच लागली. मी चहा टाकला, बिस्किटं काढली, म्हटलं, अगं, लागलंय श्रावस्तीला आणि रडतेस तू. शुभदाबाई तिला सारख्या चल म्हणत होत्या. तेजस्वी हल्ली प्रॅक्टिसला येत नाही. मीही बोलावलेलं नाही.

फोटो अजून आला नाही. पुढच्या शुक्रवारी सहालाच फोन करतो. आंघोळ आधी उरकून घे.

— तुझा पप्पा

गुदैबिया, शनिवार, २० एप्रिल १९९६

चि. श्रावस्तीस,

काल तुझा सत्कार झाला. शील्ड मोठी आहे, टीव्हीवर ठेवलीय. तुझ्या वतीने मी घेतली, साहेबांच्या हस्ते.

हॉलला जायला निघालो आणि खाली महमुदाभाभींकडे आईचा फोन आला. डॉक्टर म्हणाले की आता आणखी सुधारणार नाही, जे आहे ते एवढंच. मी एका पायात बूट घालून ऐकत होतो. आई रडत होती. तिला मी काय म्हणालो आठवत नाही. दुसरा बूट घातला आणि गेलो, कारण सगळे वाट बघत होते.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पाच मिनिटं बोललो. तुला मी थांबवत होतो, पण तू ऐकलं नाहीस, असं सांगितलं. लोक उभे राहिले, खूप वेळ टाळ्या. एक मलबारी बाई तर डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि माझ्या हाताला धरून म्हणाली की अशी मुलगी नशिबाने मिळते. साहेबही गहिवरले होते. सगळं चांगलं झालं.

जेवणाच्या आधी तेजस्वीने मला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं आणि काहीतरी विचारलं. मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली आणि आईकडे गेली. पोरगी वाळलीय फार.

जेवण चांगलं होतं म्हणे. मी न जेवताच निघालो.

श्रावू, एका डोळ्यानेही माणसं सगळं करतात. गाडी चालवतात. कॉलेजं करतात. हॉकी नाही खेळता यायची, तेवढं एक सोड. आई वाचताना थांबली असेल तर पुढचं उद्या वाचा.

एक ऑगस्ट विसरू नका. तिकिटांचं मी बघतोय.

— पप्पा

गुदैबिया, शुक्रवार, ३ मे १९९६

श्रावू,

हे पत्र मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहितो आहे. हे तू स्वतः वाच. आईला देऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल. वाक्यंही मी छोटी ठेवतो.

आज बुद्धपौर्णिमा. आपली इथली सगळी मंडळी सुजीतच्या फ्लॅटवर जमली होती. दरवर्षीसारखीच. वयाने मोठा म्हणून बुद्धवंदना मला म्हणायला लावली. पंचशील सुरू केलं. पहिली तीन शीलं झाली. चौथ्याला माझा आवाज बंद पडला. खोटं बोलणार नाही, हे ते शील. तुला लहानपणी मीच पाठ करून घेतलं होतं. सगळे थांबले. मग सुजीतच्या मुलीने, संघप्रियाने, पुढचं म्हटलं. नंतर तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, श्रावस्तीची आठवण आली ना काका? मी हो म्हणालो. तेही अर्धंच खरं.

आता ऐक. बारा जानेवारीच्या मॅचला नंबर तुझा नव्हता. आदल्या मॅचला तू गेली होतीस. नंबर तेजस्वीचा होता. पुठ्ठ्यावर तसंच लिहिलेलं आहे.

साहेब खुर्ची टाकून बसले होते. शुभदाबाई शेजारी. माझ्या कॉन्ट्रॅक्टचे कागद साहेबांच्या टेबलावर होते, तीन आठवडे सही झाली नव्हती. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, घर गेलं, तुझी शाळा गेली. पेनल्टी कॉर्नर मिळाला. तेजस्वी रेषेवर आली. तिने वळून आईकडे बघितलं. शुभदाबाई खुर्चीतून उठल्या. कुणी मला एक अक्षर बोललं नाही. मीच म्हणालो, तेजस्वी मागे, श्रावस्ती पुढे.

कॅप्टन मला अकरा वर्षं हेच म्हणत होता. आणि मी तेच माझ्या पोरीला म्हणालो. माझ्यावर तर कुणाची सक्तीही नव्हती.

तू पळालीस. छान पळालीस. वेळेत पोचलीस. चेंडू तुझ्या स्टिकच्या कडेला लागून वर उडाला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साहेबांनी विचारलं, तेजस्वी जाणार होती ना? मी म्हणालो, श्रावस्तीनेच हट्ट केला. ते तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं की मग तेच सगळ्यांना सांगत सुटलो. आईला पण. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुला विचारलं, बेटा, तूच म्हणालीस का? तुझ्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. हो. तू माझं खोटं सांभाळलंस. मला बरं वाटलं, श्रावू. लाज वाटायला हवी होती, मला बरं वाटलं.

सत्काराच्या दिवशी तेजस्वीने कूलरपाशी हेच विचारलं. “सर, त्या दिवशी माझा नंबर होता ना?” तिलाही मी नाही म्हटलं.

पण एक सांगतो. त्या वेळी तू एक शब्दही बोलली नाहीस. गुपचूप पुढे आलीस. मला वाटलं तू तयार आहेस. तू नको म्हणाली असतीस तर मी थांबवलं असतं.

मला माफ कर किंवा नको करूस. पण परत ये. एक ऑगस्टच्या आत ये. इथे येऊन मला शिव्या दे. समोर बसून दे.

— शामराव, तुझा बाप

गुदैबिया, शुक्रवार, १४ जून १९९६

श्रावू,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. आईशी बोलताना कळलं की ते पत्र तू तिला दाखवलेलंच नाहीस. अजून मला सांभाळतेसच. मग मी तिला वेगळं पत्र टाकलं, सगळं लिहून.

तिचं उत्तर आलंय. दोन ओळी. “तुमचं पत्र मिळालं. पाच महिने मी पोरीला बोल लावतेय की बाई, कशाला पुढे गेलीस, कुणी सांगितलं होतं तुला, आणि ती खाली मान घालून ऐकतेय.” बाकी कागद कोरा. माझं नावही नाही वर. ते पत्र मी खिशात घेऊन शिफ्टला जातो. पंपापाशी उभा असलो तरी त्या ओळी ऐकू येतात, तिच्याच आवाजात. मला हे सुचलंच नव्हतं गं, की ती तुला रागावत असेल. मला वाटलं, सगळे तुझं कौतुकच करताहेत.

मग मी दत्तप्रसाद साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर बोललो नसतो. मला वाटलं भडकतील, कॉन्ट्रॅक्ट तोडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शामराव,” ते म्हणाले, “तुमचे कागद हेड ऑफिसकडून आले नव्हते, म्हणून सही राहिली होती. मी तेजस्वीसाठी तुमच्या पोटावर पाय दिला असता, असं वाटलं तुम्हाला?”

हो, वाटलं. मला असंच वाटतं, श्रावू. साहेब म्हटला की आधीच वाकायचं, त्याने सांगायच्या आत. हे माझ्या अंगात कधी शिरलं ते मलाच कळलं नाही. आजोबांना ते सायकल ढकलताना कळलं होतं, आणि मी त्यांच्यावर चिडलो होतो.

शेवटी साहेब म्हणाले, झालं ते झालं, आता तेजस्वीला काही सांगू नका, बारावीचं वर्ष आहे तिचं. माणूस वाईट नाही, पण बापच तो. त्याला त्याची पोरगी वाचवता आली.

मी ऐकलं नाही. गेल्या शुक्रवारी प्रॅक्टिसच्या आधी सगळ्या पोरींना बसवलं, त्यांच्या आईबापांनाही बोलावलं. बुदैयाच्या बंगल्यावरून साहेब येतील असं वाटलं नव्हतं, पण आले, तिघंही. मी पुठ्ठा बाहेर काढून वाचून दाखवला. म्हटलं, नंबर तेजस्वीचा होता, तो मी मोडला, श्रावस्तीने हट्ट केला नव्हता, आणि सत्काराला मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो. तेजस्वी उठून पुढे आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “मला माहीत होतं, सर. मला वाटायचं मी वेडी झालेय.” आणि तुझा पत्ता मागितला. दिलाय. तिचं पत्र आलं तर वाच, ते इंग्रजीत असेल, तुला सोपं जाईल.

कोचिंग सोडलं. म्हणजे क्लबने सांगायच्या आधी मीच सोडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारी घरी आहे. दुपारभर बाजारातून आणलेल्या भेंड्या पुसत बसलो होतो, मग लक्षात आलं की भेंडी फक्त तू खातेस. कामाचं म्हणशील तर नोकरी आहे तशीच आहे. साहेब बोलतात, पण कामापुरतं.

तिकिटं बुक केलीत, तेवीस जुलैची. नाही आलात तर रद्द होतील. सरिताला सांग, मी तिच्या पत्राला उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहू ते कळत नाही.

— पप्पा

गुदैबिया, शुक्रवार, २ ऑगस्ट १९९६

श्रावू,

तुमची तारीख काल संपली. तेवीसला एअरपोर्टवर गेलो होतो. येणार नाही हे माहीत असूनही गेलो, शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत रेलिंगला धरून उभा राहिलो. त्याबद्दल आता काही म्हणत नाही.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात, गुरुवारी आलं. तीन पानं, इंग्रजी. तुला वाटलं असेल पप्पा कुणाकडून तरी वाचून घेतील. नाही. डिक्शनरी घेऊन एकट्याने वाचलं, शब्द न् शब्द. चार संध्याकाळी लागल्या. तुला माझी मराठी वाचताना काय होत असेल ते आता समजलं.

तू लिहिलंस की पुण्यातच बारावीला प्रवेश घेतलाय, आणि आता परत येणार नाहीस. बरं. तुझ्या मनाविरुद्ध मी पुन्हा रेसिडन्सचे कागद करणार नाही. दर महिन्याला पत्र लिहीन. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तू लिहिलंस की तेजस्वीचा तुला राग नाही, साहेबांचा नाही, आणि पुढे पाठवल्याचाही माझ्यावर फारसा नाही, कारण खेळात कुणीतरी जातंच. पुढचं मी तीनदा वाचलं. हॉस्पिटलात तू अकरा दिवस होतीस. तू साहेबांसमोर मान हलवलीस ती मला अडचणीतून सोडवायला. तुला वाटलं, सगळे गेले की पप्पा जवळ येऊन बसतील आणि माझ्यापुरतं तरी खरं बोलतील. तू रोज वाट बघितलीस. मी रोज आलो, संत्र्याचा रस आणला, आणि तुझ्या कॉटपाशी उभा राहून नर्सला सांगितलं की हिनेच हट्ट केला. अकराव्या दिवशी तुला वाटायला लागलं की खरंच आपणच म्हणालो असू.

हे मी केलं. डोळा चेंडूने गेला, पण हे मी केलं.

आणि मग तू एकच गोष्ट विचारली आहेस. तुला आठवतं की रेषेवर तू मला काहीतरी म्हणालीस. पण आई म्हणायची तू हट्ट केलास, सगळे म्हणायचे तू हट्ट केलास, आणि माझ्या मे महिन्याच्या पत्रात आहे की तू एक शब्दही बोलली नाहीस. म्हणून आता तुला कळत नाही, ते तू बोललीस की नुसतं मनात आलं. तेजस्वी तोवर लांब गेली होती, तिला विचारलंस तर तीही सांगू शकली नाही. तू लिहिलंस, आता फक्त तुम्हालाच माहीत असेल, आणि तुम्ही पुन्हा खोटं लिहिलंत तर मी ते खरं धरीन, कारण माझ्याकडे दुसरं काही नाही.

तीन दिवस झाले, पेन हातात घेतो आणि ठेवतो. मेमध्ये मी सगळं लिहिलं, मैदानावर सगळ्यांसमोर बोललो, लोकांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं. एवढी एकच गोष्ट मागे ठेवली होती. ती दिली की माझ्याकडे स्वतःला सांगायला काही उरत नाही, म्हणून ठेवली होती. आईला दाखव हे पत्र. तिला मोठ्याने वाचू दे.

मी गोलच्या मागे उभा होतो, डाव्या खांबापासून पाचसहा पावलांवर. अंपायर पोरींना मागे सारत होता. तेजस्वी मागे गेली. तू रेषेवर आलीस आणि माझ्याकडे वळलीस. मैदानावर तू मला सर म्हणायचीस आणि इंग्रजीत बोलायचीस, सातवीपासून. त्या दिवशी तू मराठीत बोललीस. म्हणालीस, “पप्पा, आज मला नका पाठवू. मला भीती वाटतेय.”

मी ‘यल्ला, यल्ला’, चल लवकर, म्हणालो आणि साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं. तू पुन्हा म्हणालीस, “पप्पा.” मी वळलो नाही. मग शिट्टी झाली.

तू बोलली होतीस, श्रावू. मनात नाही, तोंडाने, दोनदा. मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.

— पप्पा